गल्ल्यामागचा माणूस

दलित साहित्यात दुकान आहे, हॉटेल आहे, बाजार आहे. ज्यांनी आपली आत्मकथने वाचली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. परंतु ही सारी ठिकाणे आपल्याला गल्ल्याच्या एकाच बाजूने दिसतात. बाहेर उभा असलेला, वेगळी ठेवलेली कपबशी स्वतः विसळणारा, वरून टाकलेला जिन्नस पदरात झेलणारा माणूस आपला असतो. गल्ल्यामागे बसलेला माणूस परका असतो. आपला माणूस गल्ल्यामागे जाऊन बसला तेव्हा काय घडले? भांडवल कोठून आले, माल कोणी दिला, गिऱ्हाईक आले की नाही, उधारी वसूल झाली की बुडाली? याबद्दल आपले साहित्य फारच कमी बोलते. हे मौन मला अलीकडे खटकू लागले आहे.

खटकण्याचे कारण वर्गातले आहे. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्यापुढे बसणारी मुले लोहारा-उमरगा भागातल्या खेड्यांतून येतात. त्यांतलीही बहुतेक आपापल्या घरातली पहिलीच. आमच्या आधीच्या पिढीला पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये एक वाट दिसत होती. ती बुजत चालली आहे हे मुलांना माझ्या मानधनावरूनच कळते, त्यासाठी अर्थशास्त्राच्या तासाला बसावे लागत नाही. ‘सर, ह्या पुस्तकांत कुणी धंदा केलाय का?’ असे तृतीय वर्षाच्या एका मुलाने विचारले. पोलीस भरतीची तयारी आणखी दोन वर्षे करावी की पंक्चरचे दुकान टाकावे, अशा पेचात तो होता. त्याला उत्तर द्यावे म्हणून पुस्तके पुन्हा काढली.

जे आहे ते आधी पाहू. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) गावातल्या चहाच्या हॉटेलात महारांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असते आणि शिकलेली पोरे त्याविरुद्ध तक्रार करतात. हा प्रसंग आता आपल्या सामूहिक स्मृतीचा भाग झाला आहे. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) महार बाई दुकानापासून दूर उभी राहते, अजीजीने पैशाचा जिन्नस मागते आणि दुकानदार आपल्या पोराला तिच्यापासून लांब राहायला शिकवतो. त्याच पुस्तकात लाकडाची मोळी विकायला गेलेल्या बायका आहेत. मोळीत त्यांचा एखादा केस किंवा धागा अडकला असेल तर घर बाटेल, म्हणून काटकी न् काटकी तपासून द्यावी लागते. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणते आणि मुलगी ती घरोघर पोचवते. घेणारा त्यावर पाणी शिंपडतो, मग घरात घेतो. पैसे वरून हातावर सोडतो.

हे शेवटचे दोन प्रसंग पुन्हा वाचावेत. इथे आपली बाई गिऱ्हाईक नाही, ती विक्रेती आहे. माल तिचा, श्रम तिचे, किंमत ठरलेली. म्हणजे बाजाराच्या नियमाने पाहिले तर ती समोरच्याच्या बरोबरीची आहे. पण माल शुद्ध करून घेतला जातो आणि दाम वरून पडतो. आपल्या समीक्षेने या प्रसंगांची नोंद ‘अपमान’ या शीर्षकाखाली केली आहे आणि ती बरोबरच आहे. तथापि त्यांत आणखी एक गोष्ट आहे. तपासून द्यायला लागलेली प्रत्येक काटकी म्हणजे तिचा वेळ आहे, आणि त्या वेळेचा दाम मोळीच्या किमतीत धरलेला नाही. जातीचा हा खर्च विकणारीच्या अंगावर पडतो. आपण फक्त जखम वाचली, हिशेब वाचला नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्यातल्या बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, भंगार गोळा करून विकतात. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा खाणीतले काम सुटल्यावर स्मशानातली राख चाळून सोने शोधतो. विनोद म्हणून नव्हे, पण आपल्या कथावाङ्मयात कोणाच्याही दारी न जाता, कोणाचे भांडवल न घेता स्वतःचा उद्योग उभा करणारा ठळक नायक शोधायला गेलो तर हा भीमाच पुढे येतो. गावाने टाकलेले, मेलेल्याबरोबर गेलेले तेवढेच त्याच्या वाट्याला स्पर्धेशिवाय येते. तिथेही कोल्ही आहेतच.

आता गल्ल्यामागच्या माणसाकडे वळतो. त्याची एक हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूर संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. शाहू महाराज परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंदा काढायला सांगून मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. स्वच्छता चोख, चहा उत्तम. पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही तो प्यावा लागला. पुढे सोडा-लेमनच्या यंत्रासाठीही महाराजांनी पैसे दिले.

दर २६ जूनला ही गोष्ट व्यासपीठांवरून सांगितली जाते. मीही सांगितली आहे. शाहू महाराजांचे मोठेपण तिच्यातून उजळून निघते आणि त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढणारा हा राजा हुकमावर थांबला नाही, कप हातात घेऊन रस्त्यावर उभा राहिला. प्रश्न आहे तो गोष्ट सांगण्याच्या रीतीचा. ही हकीकत नेहमी महाराजांच्या गाडीतून सांगितली जाते. घोडे थांबतात, चहा येतो, महाराज पितात, टाळ्या पडतात. हॉटेलाच्या आतून ती कोणी सांगत नाही. आतून पाहिले तर वेगळेच प्रश्न दिसतात. हॉटेल चालते ते रोजच्या गिऱ्हाइकावर. दूध रोज फाटते, साखर रोज संपते, सरपण रोज जळते. पहिले गिऱ्हाईक यायच्या आधीच दिवसाचा खर्च होऊन गेलेला असतो. महाराजांबरोबर चहा पिणारा सरदार एकटा असताना त्या रस्त्याने गेला तर थांबला असेल का, यावर त्या हॉटेलाचे जगणे अवलंबून होते. छत्रपतींना ज्या गिऱ्हाइकासाठी स्वतः यावे लागले, ते गिऱ्हाईक गावोगावच्या गंगारामांना कोण आणून देणार?

या हकीकतीतला सर्वात मोठा विचार मला मदतीच्या रकमेत दिसत नाही. गंगारामांना भांडवल मिळाले तरी गिऱ्हाईक मिळाले नाही, हे महाराजांना दिसले; आणि गिऱ्हाईक होणे हेही राज्यकर्त्याचे काम आहे असे त्यांनी मानले. २०१२ साली केंद्र सरकारने सरकारी खरेदीतला चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा असे धोरण ठरवले. त्याची मुळे शोधायची तर भाऊसिंगजी रस्त्यावरच्या त्या कपापर्यंत जावे लागेल. आणि हेही नोंदवावे की महाराजांच्या निधनानंतर कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारण्यात याच गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेतला. व्यासपीठावरच्या गोष्टीत हा उत्तरार्ध बहुधा येत नाही. तिथे गंगाराम चहा देऊन बाजूला होतात.

दुसरी हकीकत खुद्द बाबासाहेबांची. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर, १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम कॉलेजात रुजू होण्यापूर्वी, त्यांनी शेअर-रोख्यांच्या गुंतवणुकीबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचा अर्थविषयक सल्ला मुंबईच्या बाजाराला चालला नाही. आमच्याकडे म्हणतात, पैशाला जात नसते. त्या बाजाराला मात्र नफ्यापेक्षा जात जवळची वाटली. चरित्रांत ही घटना दोन-चार ओळींत उरकली जाते. प्राध्यापकी, मूकनायक, परिषदा यांच्याकडे जायची घाई चरित्रकाराला असते आणि पेढी हा वाटेतला अपयशाचा थांबा ठरतो. मला वाटते, ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये (१९३६) जात माणसाला धंदा बदलू देत नाही आणि म्हणून बेकारी वाढवते असे जे विवेचन येते, त्याच्या पाठीशी ग्रंथांबरोबर ही बंद पडलेली पेढीही उभी असावी. (जोतीरावांच्या बाबतीतही असेच. पुण्यातला एक यशस्वी कंत्राटदार, ही त्यांची ओळख आपण तळटीपेत ठेवली आहे. शाळा चालवायला पैसा कोठून आला, हे विचारणे जणू अभिरुचीत बसत नाही.)

मग आपल्या साहित्यात हे का आले नाही? एक उत्तर सोपे आहे. लिहिणारे नोकरदार होते. दया पवार रेल्वेत, लिंबाळे टेलिफोन ऑपरेटर, ‘आठवणींचे पक्षी’चे (१९७९) प्र. ई. सोनकांबळे प्राध्यापक. बाबासाहेबांनी शिका म्हटले, पोरे शिकली, शिक्षणाने नोकरी दिली आणि नोकरीने लिहायला टेबल, दिवा आणि रविवार दिला. त्या टेबलावरून मागे पाहिले तर गाव दिसते, बालपण दिसते, भूक दिसते. शेजारच्या गल्लीत पानटपरी टाकून बसलेला भाऊबंद दिसत नाही, कारण त्याची हकीकत अजून संपलेली नसते. आत्मकथनाचा आकृतिबंध मुक्कामाला पोचलेल्या माणसाचा आकृतिबंध आहे. नोकरी लागली की तो पूर्ण होतो. धंद्याला असा मुक्काम नाही. पगाराची एक तारीख असते, दुकानाला रोजच एक तारीख.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. गावगाड्याने आपल्यावर लादलेले सगळे काम ‘धंदा’ याच नावाने ओळखले जात होते. ढोरे ओढणे, कातडे, दोर, झाडू हे सर्व जातीचे धंदे. त्यांच्यापासून सुटका म्हणजे धंद्यापासून सुटका असे समीकरण आपल्या मनात बसले. त्याच कारणाने आपल्या घरांत शिपायाची नोकरी दुकानदारीपेक्षा वरची ठरली. मध्यमवर्गीय मराठी नियतकालिकांत ‘मराठी माणूस धंद्यात मागे का?’ अशी चर्चा पिढ्यान् पिढ्या चालली आहे आणि उत्तर म्हणून आळस, लाज, धाडसाचा अभाव अशी मानसशास्त्रीय कारणे दिली जातात. त्या चर्चेत आपण कधीच नव्हतो. लाज सोडून वडे तळायला बसलेल्या माणसाचे वडे कोण विकत घेईल, हा प्रश्न त्या लेखकांना पडायचे कारण नव्हते.

आता एका वहीविषयी सांगतो. ती छापलेली नाही, पण या विषयावर मी वाचलेल्या मजकुरांत तिला मी वरचे स्थान देईन. वही माझ्या चुलतभावाची आहे, गाव सास्तूर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर जमीनदोस्त झाले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. माझ्या आठवणीतले गाव पुनर्वसनानंतरचेच आहे. भूकंपग्रस्तांना घरे देताना शासनाने जमिनीचे माप लावले: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फुटांचे घर, त्यावरच्याला चारशेचे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशेचे. भूकंपाने पाटलाचा वाडा आणि आमची झोपडी एकाच रात्री सारखी केली होती; पुनर्वसनाने ती पुन्हा मोजून वेगळी केली. अडीचशे चौरस फुटांत संसार मांडल्यावर दुकान कोठे मांडणार? दाराबाहेर पत्र्याचे छप्पर काढून. आमच्याकडच्या बहुतेक दुकानांचा जन्म असा घराबाहेरच्या पत्र्याखाली झाला.

भावाने २०१६ साली पिठाची गिरणी टाकायचे ठरवले. दगड, मोटर, थ्री-फेज कनेक्शन, पत्रा मिळून खर्च एक लाख साठ हजार. मुद्रा योजना नुकतीच आली होती आणि कागदोपत्री तिला तारण लागत नव्हते. बँकेने, नाव घेत नाही, सातबारा असलेला जामीन आणायला सांगितले आणि शेवटी ‘शिशु’ गटातले पन्नास हजार दिले. बाकीचे चुलतीच्या डोरल्यातून, भिशीतून आणि दर आठवड्याला दारात येणाऱ्या खाजगी फायनान्सच्या कर्जातून उभे राहिले. ‘पत’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. कर्ज मिळण्याची लायकी आणि गावातली इज्जत या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे. ज्याला दुसरी नाही त्याला पहिली कशी मिळणार, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे. (दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज देणारी ‘स्टँड अप इंडिया’ योजनाही त्याच वर्षी आली. तिचा फलक भावाने बँकेत पाहिला. दहा लाखांच्या खाली ती योजना उतरतच नव्हती आणि भाऊ दहा लाखांपर्यंत चढू शकत नव्हता.)

वहीचे पहिले तीन महिने वाचताना गिरणी कोठे आहे हे कोणी न सांगताही कळते. दळणाच्या नावांत सारी आमच्या वस्तीची घरे. दिवसाला साठ-पासष्ट किलो, किलोला तीन रुपये, म्हणजे महिन्याचे सहा हजारांच्या आत. वीजबिल अडीच हजार, कर्जाचे हप्ते तेहतीसशे. उरते काय ते वाचकाने काढावे. दळायला न येणाऱ्यांपैकी एकानेही जातीचे नाव काढले नाही. ‘लांब पडतंय गड्या’ एवढेच सगळे म्हणाले. दुसरी गिरणी त्यांना त्याहून लांब होती. मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे मला हे वाक्य महत्त्वाचे वाटते. कपबशी वेगळी ठेवणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते. ‘लांब पडतंय’ म्हणणाऱ्याविरुद्ध कोठे जाणार? आपल्या विद्रोहाची भाषा उघड शत्रूसाठी घडलेली आहे. सभ्य शब्दांत नाहीशा होणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आपल्याजवळ अजून शब्द नाही.

चौथ्या महिन्यात वहीत एक नवी नोंद सुरू होते: ‘पोराचा पगार ५०००’. भावाने मोटरवर उभे राहायला दुसऱ्या जातीतला एक पोरगा ठेवला आणि स्वतः मागे, पत्र्याच्या आडोशाला बसू लागला. दळण दीडशे किलोवर गेले. महिन्याचे साडेतेरा हजार येऊ लागले. त्यातून वीजबिल चार हजार, हप्ते तेहतीसशे, पोराचे पाच हजार. मालकाला उरले बाराशे. त्यातच पट्टा आणि दगडाला टाकी लावायचा खर्च. मालकापेक्षा नोकर चौपट कमावतो अशी ही गिरणी होती. त्या पाच हजारांना हिशेबशास्त्रात काय म्हणतात मला माहीत नाही. असीम प्रकाश यांनी ‘दलित कॅपिटल’ या पुस्तकात (२०१५) दलित उद्योजकांच्या मुलाखतींच्या आधारे दाखवले आहे की बाजार दलितांना बाहेर ठेवतो असे नाही. तो त्यांना प्रतिकूल अटींवर आत घेतो. माझ्या भावाच्या वहीत ती अट रकमेसह लिहिलेली आहे.

बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) लिहिले तेव्हा खोली मिळण्यासाठी जात लपवावी लागत होती. स्वतःच्याच गिरणीत आडोशाला बसणारा माणूस जात लपवत नाही, कारण गावाला ती ठाऊक असते. तो फक्त नजरेआड होतो, म्हणजे गावाला विसरल्यासारखे करता येते. बागुलांच्या नायकाला निदान परके शहर होते.

वहीचा उत्तरार्ध उधारीचा आहे. आमच्या भागात उधारी सोयाबीनवर चालते. दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकले की देणी फिटतात, अशी रीत. भावाच्या वहीत वस्तीतल्या लोकांची उधारी छोट्या रकमांची आहे आणि ती बहुतेक फिटलेली आहे, बाजारादिवशी वीस-तीस करून. मोठ्या रकमा मोठ्या घरांच्या आहेत, पोरगा ठेवल्यानंतरच्या, आणि त्यांच्यापुढे तारखांची रांग आहे: गेलो, नाही. गेलो, नाही. गेलो, पुढच्या आठवड्यात. वाड्याच्या अंगणात उभा राहून ‘मालक, तेवढं दळणाचं’ म्हणणारा माझा भाऊ आणि त्याच अंगणात बलुते मागायला उभा राहिलेला माझा पणजा यांच्यात फरक काय? एकाच्या हातात वही आहे, एवढाच. देणे हक्काचे असूनही मागताना ते भीक वाटावे, ही किमया बलुतेदारीने केली होती. रोखीच्या जमान्यातही ती उधारीच्या रूपाने चालू आहे. दया पवारांनी आपल्या पुस्तकाला जे नाव दिले ते मला या वहीलाही शोभेलसे वाटले. वर्षाअखेर बुडीत रक्कम अकरा हजार चारशे. ज्याच्या पाठीशी भाऊबंदांचे पाच-पन्नास एकर आहेत अशा दुकानदाराला ही रक्कम सोसते. माझ्या भावाचे ते नऊ महिन्यांचे उत्पन्न होते.

गिरणी बंद पडली नाही. २०१८ नंतर भावाने भरडा सुरू केला: मका, तुरीची चुणी, ज्वारी, जनावरांसाठी. ज्यांना भाकरीचे पीठ ‘लांब पडत’ होते त्यांच्या गाड्या भरड्याची पोती घेऊन पत्र्यासमोर थांबू लागल्या. पोरग्याची गरज उरली नाही. म्हशीला विटाळ नसतो. पंक्चर, वेल्डिंग, झेरॉक्स, मोबाईल, जनावरांचा खुराक हे चालते. दूध, चहा, पीठ, खानावळ हे चालत नाही. कोणता धंदा निघेल आणि कोणता बुडेल हे ठरवणारी ही न लिहिलेली यादी आमच्याकडचा प्रत्येक पोरगा कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी मनात वाचतो. हे फक्त आमच्याच भागात आहे असेही नाही. अकरा राज्यांतल्या ५६५ खेड्यांची पाहणी करून सुखदेव थोरात, घनश्याम शहा आदी अभ्यासकांनी २००६ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात जवळपास निम्म्या गावांत दलितांचे दूध सहकारी संस्थेत घेतले जात नसल्याचे आढळले होते. २००५ च्या आर्थिक गणनेत देशातल्या उद्योग-व्यवसायांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे ९.८ टक्के होते. लोकसंख्येत त्यांचा वाटा सोळा टक्क्यांहून अधिक. हा फरक धाडसाच्या अभावाने पडलेला नाही.

गेल्या वीस वर्षांत धंद्याविषयी बोलणारे एक नवे लेखन आले आहे, हे मान्य केले पाहिजे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केली. नोकऱ्या मागणारे न राहता देणारे व्हा, ही तिची घोषणा. २०१३ मध्ये मिलिंद कांबळे आणि कल्पना सरोज यांना पद्मश्री मिळाली. देवेश कपूर, डी. श्याम बाबू आणि चंद्रभान प्रसाद यांचे ‘डिफाइंग द ऑड्स’ हे दलित उद्योजकांची चरित्रे सांगणारे पुस्तक २०१४ मध्ये निघाले. या माणसांच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून त्यांच्या ज्या यशोगाथा येतात त्यांच्याबद्दल नाही. त्यांचा साचा ठरलेला आहे. पहिल्या परिच्छेदात उपाशी बालपण, शेवटच्या परिच्छेदात कोटींची उलाढाल, मध्ये जिद्द. मला जे वाचायचे असते ते नेमके ‘जिद्द’ या शब्दाखाली गाडलेले असते: पहिला माल उधार कोणी दिला, बिल किती महिने अडले, कंत्राटाच्या कागदावर आडनाव लिहिले की नाही. आत्मकथनाने निदान दुःखाचा तपशील दिला होता. यशोगाथेने तोही दिला नाही.

उलट बाजूने डाव्या आणि काही आंबेडकरी टीकाकारांनी ‘दलित भांडवलशाही’ म्हणून या सगळ्याची संभावना केली आहे. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते, त्याचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. पण चाळीस हजारांचा माल भरून पत्र्याखाली बसलेला आणि आठवड्याच्या हप्त्याला दचकणारा माणूस भांडवलदार कसा? तो मजूरही नाही, कारण त्याला रोज मिळत नाही. मालकही नाही, कारण दुकानावर सावकाराचा ताबा आहे. कौतुक करणारे आणि टीका करणारे या दोघांचीही नजर कोट्यधीशावर खिळलेली आहे. आमच्या सास्तूर, माकणी, लोहाऱ्याच्या दुकानदाराला या वादात जागा नाही. वाद शहरातला आहे आणि बहुतांशी इंग्रजीत चालतो.

आपल्यात गल्ल्यामागून लिहिणारी एक व्यक्ती होऊन गेली. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवत. नवऱ्याला काम नव्हते तेव्हा त्यांनीच धंदा सुचवला. आधी द्राक्षे आणून विकली, मग भाजीपाला, मग किराणा. पुडे बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचत बसत, आणि नवरा माल आणायला गेला की गल्ल्याशी बसून लिहीत. लिहिलेले लपवून ठेवत. असे कित्येक वर्षे. म्हणजे आपल्या आत्मकथनांतले एक थोर पुस्तक चक्क दुकानात बसून लिहिले गेले आहे. पण त्या पुस्तकात दुकानाला फारशी जागा नाही. पुस्तकातली बाई दुकानाबाहेर दूर उभी राहून पैशाचा जिन्नस मागते, आणि तिच्याविषयी लिहिणारी बाई तेव्हा स्वतः तराजू हातात घेऊन बसली आहे, हे वाचकाला कळतही नाही. बेबीताईंना ते सांगावेसे वाटले नाही, कारण त्यांना आपल्या समाजाचे सांगायचे होते, स्वतःचे नाही. त्यांचा हा निर्णय मी मोठा मानतो. पण त्यामुळे महार वाड्यातल्या गिऱ्हाइकांवर चाललेले, बाईने उभे केलेले एक दुकान आपल्या साहित्याबाहेर राहिले.

दुकानाची ती हकीकत मला भेटली पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाला (२००८) जोडलेल्या, माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. पंडितबाईंनी विचारले म्हणून बेबीताईंनी सांगितले. प्रश्न अगदी साधे आहेत. आपल्या त्रैमासिकांनी कवितांचे आणि वैचारिक लेखांचे विशेषांक पुष्कळ काढले. एक अंक तालुक्याच्या गावांतल्या दहा-बारा दुकानदारांना द्यावा, त्यांत निम्म्या बाया असाव्यात, आणि उत्तरे त्यांच्या बोलीत, आकड्यांसकट छापावीत. पहिला माल किती रुपयांचा आणला, कोणी दिला, वस्तीबाहेरचे पहिले गिऱ्हाईक कधी आले, आणि ते पुन्हा आले का.